सिझरच्या आधीची तयारी: सुई, चाकू, टाके आणि नंतरचं दुखणं

अगं, तारीख पक्की झाली म्हणालीस ना, मग दुपटी-झबली मावशी बघेल, तू आधी एक काम कर. शेवटच्या व्हिजिटला डॉक्टरांकडून दहा मिनिटं जास्तीची मागून घे आणि ऑपरेशन कशाने आणि कसं करणार ते नीट विचार. एका कागदावर लिहूनच ने, कारण तिथे गेलं की बाळाचे ठोके ऐकून बाकी सगळं डोक्यातून जातं. माझं पहिलं सिझर घाईघाईत झालं, विचारायला वेळच नव्हता, दुसरं ठरवून होतं तेव्हा सगळं विचारून गेले आणि दोन्ही वेळच्या दुखण्यात खूप फरक पडला. सगळाच फरक हत्यारांमुळे पडला असं नाही, पण काही गोष्टींमुळे नक्की पडला, त्या सांगते.

सगळ्यात आधी कमरेत देतात ती भुलीची सुई. पोटावरच्या कापापेक्षा मला पहिल्या वेळी हिनेच जास्त त्रास दिला. दुसऱ्या दिवशी बाळाला पाजायला उठून बसले की मानेपासून कपाळापर्यंत असं ठणकायचं की बाळ खाली ठेवून आडवं व्हावं लागायचं, आणि आडवं झालं की पाच मिनिटांत गायब. सगळे म्हणाले झोप नाही झाली म्हणून होतंय. तीन दिवसांनी भूलवाल्या डॉक्टरांनी बघितलं तेव्हा कळलं की सुईने पडलेल्या बारीक भोकातून मणक्यातलं पाणी झिरपलं की असं होतं. तर सुईचं टोक दोन प्रकारचं असतं, एक तिरकं कापलेलं धारदार, त्याला क्विंके म्हणतात, आणि दुसरं पेन्सिलीच्या टोकासारखं, व्हिटॅकर वगैरे. पेन्सिल टोकाच्या सुईने ही डोकेदुखी बरीच कमी होते हे आता पक्कं माहीत आहे. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, म्हणजे 25 पेक्षा 27 बारीक. ही पेन्सिल टोकाची सुई किंमतीला थोडी जास्त असते, आधी सांगितलं तर मागवून ठेवतात, म्हणून भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी तरी भेटच. आणि तरीही बसल्यावर डोकं दुखलं आणि झोपल्यावर थांबलं तर माझ्यासारखी तीन दिवस गप्प बसू नकोस, त्याच दिवशी सांग.

त्याच भेटीत अजून एक विचार, भुलीच्या इंजेक्शनात थोडंसं मॉर्फिन टाकणार का. अगदी थोडं, 100 मायक्रोग्रॅमच्या आसपास, पण त्यावर पहिला जवळपास अख्खा दिवस निघतो. अंगाला खाज सुटते, कधी मळमळतं, तेवढं धरून चाल. सगळ्या छोट्या नर्सिंग होममध्ये ते मिळेलच असं नाही, नसेल तर सोनोग्राफीवर बघून पोटाच्या दोन्ही बाजूंना नस बधीर करायची इंजेक्शनं देतात, टॅप ब्लॉक म्हणतात त्याला, तो जमेल का विचार.

आता कापाचं. बिकिनी लाईनवरचा जो किंचित वाकडा काप आपण ऐकतो तो फानेनश्टील नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1900 साली सांगितलेला. दुसरा जोएल-कोहेन, तो सरळ आणि थोडा वर असतो आणि आतले थर कात्रीने कमी कापतात, बोटांनी ताणून बाजूला करतात. या दुसऱ्या पद्धतीत नंतर दुखणं कमी, ताप कमी, पेनकिलर कमी लागतात असं दिसलंय. पण इथे हट्ट धरू नकोस हां, मनापासून सांगते. डॉक्टरांचा हात ज्या पद्धतीवर बसलाय तीच त्यांना नीट करू दे. कोरोनिस म्हणून एक मोठा अभ्यास झाला होता, भारतासकट सात देशांत, जवळपास 16 हजार बायका होत्या त्यात, 2013 ला आला, त्यात थर कापले की बोटांनी उघडले, गर्भपिशवी बाहेर काढून शिवली की आतच, यावरून इन्फेक्शन किंवा पुन्हा ऑपरेशन लागण्यात खास फरक निघाला नाही. करंटवाल्या चाकूचंही तसंच, साध्या ब्लेडपेक्षा दुखणं ठामपणे कमी होतं असं म्हणता येत नाही, त्याच्यावर वेळ घालवू नकोस.

वरची कातडी कशाने बंद करणार हे मात्र विचारच. मला पहिल्या वेळी स्टेपल होते, सातव्या दिवशी एकेक काढताना ट्रेमध्ये टक टक पडत होते तो आवाज अजून कानात आहे, आणि उजव्या टोकाला जखम जराशी उघडली, परकराची नाडी नेमकी तिथेच घासायची. दुसऱ्या वेळी आतून विरघळणारे टाके घातले, काढायची भानगडच नव्हती. स्टेपलने जखम उघडायचं प्रमाण जास्त असतं, म्हणून आता टाक्यांनाच पसंती देतात.

घरी रेझर फिरवून जाऊ नकोस, अजिबात. बारीक बारीक कापतं आणि तिथून इन्फेक्शन होतं, केस काढायचेच असतील तर तिथे क्लिपरने काढतील.

बॅगेत पोटपट्टा, बेंबीच्या वर येणाऱ्या सैल निकर, पुढून उघडणारे गाऊन आणि एक छोटी कडक उशी टाक, खोकला किंवा शिंक आली की ती पोटावर दाबून धरायची. आणि एक वही. वहीत पेनकिलरच्या वेळा लिहायच्या. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण दुखायला लागल्यावर गोळी मागितली की ती लागू होईपर्यंत आपण रडकुंडीला आलेलो असतो. पॅरासिटामॉल आणि त्याच्या जोडीला डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घड्याळ लावून देणार का ते आधीच ठरवून घे, बीपी किंवा किडनीचं काही असेल तर डॉक्टर बदलून देतील. अंगावर पाजताना पेनकिलर घ्यायची नाही असं कोणी म्हटलं तर डॉक्टरांनाच समोर विचार, या गोळ्या पाजताना चालतात. सहन करण्यात काही मोठेपणा नाहीये गं, दुखत असलं की बाळाला नीट धरताच येत नाही.

उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हातावर जोर देऊन बसायचं. हे आत्ताच पलंगावर करून बघ. घरी आल्यावर मावशीला सांगून ठेव की शेक-शेगडी जखमेजवळ नको, तिथली कातडी कित्येक महिने बधिर असते, भाजलेलं कळत नाही. भाताने टाके पिकतात हे खरं नाही, भात खा, पाणी भरपूर पी. टाके मात्र लाल होऊन गरम लागले, पाणी आलं, ताप आला किंवा एक पोटरी सुजली तर शेजारच्या काकूंना न विचारता सरळ दवाखाना गाठ.

आणि डिस्चार्जच्या कागदावर काप कोणता, टाके कोणते, भूल कशी दिली हे लिहून घे आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेव, माझी पहिल्या वेळची फाईल दुसऱ्या वेळी दोन दिवस शोधूनही सापडली नव्हती.