ऐकतंय, पण कळत नाही? आधी आपलं वाक्य तपासा

"लक्षच देत नाही हो," असं पालक म्हणाले की मी मुलासमोर खेळण्यातला कुत्रा आणि मांजर ठेवते. म्हणते, "कुत्र्याला मांजराने ढकललं. करून दाखव." बरीच लहान मुलं कुत्रा उचलतात आणि त्याने मांजराला ढकलतात. लक्ष पूर्ण असतं. फक्त ज्याचं नाव आधी आलं तोच करणारा, असं ती धरून चालतात. 'ला' आणि 'ने' निसटून जातात.

घरी करून पाहा. मग वाक्य फिरवा: "मांजराने कुत्र्याला ढकललं." हे बरोबर आणि पहिलं चूक, तर मूल शब्दांच्या क्रमावर भिस्त ठेवतंय. काही दिवस 'ने'वर किंचित जोर देऊन बोला, खेळणी हातात ठेवूनच. (हाक मारल्यावरच वळत नसेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी कानांची तपासणी.)

पुढे तीन कामं एकदम सांगा: "दप्तर ठेव, पाणी पी, खिडकी लाव." फक्त शेवटचं झालं, तर बाकीची बहुधा स्मरणात टिकली नाहीत. तेच वाक्य मोठ्या आवाजात सांगू नका, मूल नुसतं घाबरतं. दोनच कामं सांगा, थांबा, त्याच्याच शब्दांत वदवून घ्या. तिन्ही झाली पण उलटसुलट, तर अडचण क्रमाची असू शकते. तिन्ही कामांची चित्रं ओळीने मांडा. रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया यांच्या मेंदूविषयीच्या कामावरून मानसशास्त्रज्ञ जे. पी. दास यांनी माहिती हाताळण्याच्या अशा दोन रीती मांडल्या: एकामागून एक आणि सगळं एकत्र. प्रत्येक मूल दोन्ही वापरतं. म्हणून 'हा चित्रांतूनच शिकणारा' असा शिक्का मारू नका. तशा शिक्क्यानुसार शिकवल्याने जास्त समजतं याला भक्कम पुरावा नाही.

मुलं अडखळतात असं मला सर्वांत जास्त सापडणारं वाक्य मात्र साधं आहे: "जेवण्याआधी हात धू." नंतरची गोष्ट यात आधी येते. भाषातज्ज्ञ ईव्ह क्लार्क यांनी १९७१ मध्ये ३ ते ५ वर्षांच्या मुलांबाबत हेच दाखवलं: घडण्याचा आणि सांगण्याचा क्रम जुळला की त्यांना सोपं जातं. "आधी हात धू, मग जेव" म्हणा.

तारीख, तुमचं वाक्य, आणि मुलाने नेमकं काय केलं, एवढंच वहीत लिहा. दोन आठवड्यांची अशी वही घेऊन कुणी आलं, की कुठून सुरुवात करायची ते मला पहिल्याच भेटीत कळतं.