सीपी (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हातपाय आखडणं, हालचालींवर ताबा कमी असणं) आहे आणि एकटी राहायचंय? मग हे वाच

घरचे म्हणणारच, "तुला जमेल का गं?" त्यांना पटवत बसू नकोस, आधी आठ दिवस घरातच सगळं स्वतःचं स्वतः करून बघ, नेमकं कुठे अडतं ते कळतं.

कपडे घालताना जो हात कडक आहे त्याची बाही आधी, काढताना तोच हात शेवटी, एवढ्या एका गोष्टीने माझी सकाळची निम्मी चिडचिड गेली. नाडीच्या सलवारी सरळ देऊन टाक, इलॅस्टिकच्या घे, ब्रा पुढच्या हुकची. किचनमध्ये ताटाखाली ओला फडका टाकला की ताट सरकत नाही, कांदा दोरीच्या चॉपरमध्ये (झाकण कोपराने दाबलं तरी चालतं), आणि ओट्याशी उंच स्टूल ठेव, उभं राहून मर्दुमकी दाखवायची काही गरज नाहीये. गरम पातेलं उचलून नेऊ नकोस, पळीने वाढून घे. थंडीत अंग जास्त आखडतं म्हणून घाईची कामं सकाळी उठल्या उठल्या ठेवूच नकोस.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सीपी आहे, दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी नोकरीत आरक्षण मिळतं. मुंबई लोकलला दिव्यांगांचा डबा असतो, त्यात धडधाकट मंडळी पण बसलेली असतात, बिनधास्त उठव.

बँकेत वगैरे लोक आपल्याला सोडून सोबतच्यालाच विचारतात, "यांना काय हवंय?" सोबतच्याला आधीच सांगून ठेव, तू गप्प बसायचं. बोलायला वेळ लागला तर लागू दे, रांग थांबते.