बायोस्टॅट ऑप्शनला टाकण्याआधी

बायोस्टॅट, म्हणजे वैद्यकीय संख्याशास्त्र, ऑप्शनला टाकायचा तुमचा बेत मला चांगला कळतो. पीएसएमचा, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिनचा, पसारा केवढा! डास, पिण्याचं पाणी, लसीकरणाचं वेळापत्रक, संपता न संपणारे राष्ट्रीय कार्यक्रम, आणि सगळ्याच्या शेवटी कुठेतरी मीन, मिडियन, काय-स्क्वेअर. मार्क बेताचे. बारावीनंतर गणिताशी काडीमोड झाला या आनंदातच आपण मेडिकलला आलेलो असतो, त्यामुळे सिग्मा दिसला की हात आपोआप पान उलटतो. सीनियरही सांगतात, बार चार्ट, पाय चार्ट आणि नॉर्मल कर्व्ह काढून ये, पास होशील.

व्हालही. पण आयसीएमआरच्या एसटीएससाठी (एमबीबीएसच्या मुलांसाठीची छोटी संशोधन शिष्यवृत्ती) प्रपोजल लिहायला बसाल तेव्हा, नाहीतर पीजीच्या थिसिसला, हेच पान परत उघडावं लागतं आणि तेव्हा ते शिकवायला कोणाकडे वेळ नसतो. माझी त्या काळात जी फरफट झाली ती आठवली की आजही पोटात गोळा येतो.

आधी धीर देते. या विषयाला सुरुवातीला लागणारं गणित प्राथमिक शाळेतलं आहे. मी गोव्यात डिचोलीकडच्या मराठी शाळेत शिकले आणि तिथल्या अपूर्णांकांवर माझं निम्मं बायोस्टॅट निभावलं. वर अंश, खाली छेद. अंशाकडे सगळ्यांचं लक्ष असतं: किती रुग्ण, किती मृत्यू, किती पॉझिटिव्ह. छेदात कोण कोण आहे, हे विचारायची सवय लागली की पुढचं बरंचसं सुटत जातं. नाही लागली तर सूत्रांची घोकंपट्टी करूनही फसणार. मला सांगायचं आहे ते एवढंच, पण जरा पाल्हाळ लावून सांगणार आहे.

सेन्सिटिव्हिटी घ्या, म्हणजे खऱ्या आजाऱ्यांतले टेस्टला किती सापडतात ते. सगळ्यांना पाठ असते: ए भागिले ए अधिक सी. डावीकडे टेस्ट, वर आजार, चार खाने, ए-बी-सी-डी. आता मधुमेहाच्या शिबिराचा एक हिशेब करू. आकडे सोयीसाठी मीच घेतलेत. 1000 प्रौढ आले. त्यांतल्या 250 जणांना खरोखर मधुमेह आहे, 750 जणांना नाही. बोट टोचून केलेल्या तपासणीत 250 पैकी 225 सापडतात, 25 सुटतात. 750 निरोग्यांपैकी 600 जण बरोबर निगेटिव्ह येतात, 150 उगाच पॉझिटिव्ह. सेन्सिटिव्हिटी 225 भागिले 250, म्हणजे 90 टक्के. स्पेसिफिसिटी, म्हणजे निरोग्यांतले बरोबर निगेटिव्ह किती, 600 भागिले 750, म्हणजे 80 टक्के. इथवर कोणी अडत नाही.

आता पेपर काढणाऱ्याने तोच तक्ता फिरवून दिला. आजार डावीकडे, टेस्ट वर. पहिल्या ओळीत 225 आणि 25, दुसऱ्या ओळीत 150 आणि 600. पाठांतरवाला पहिल्या खान्याला ए म्हणतो, त्याच्या खालच्याला सी, आणि सूत्रात आकडे घालतो: 225 भागिले 375. उत्तर 60 टक्के. स्पेसिफिसिटीही त्याच झपाट्यात, 600 भागिले 625, म्हणजे 96. दोन्ही उत्तरं दिसायला अगदी सभ्य, शंभराच्या आतली. कॅल्क्युलेटर काही तक्रार करत नाही. पण त्याने सेन्सिटिव्हिटी म्हणून पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू (पॉझिटिव्हांतले खरे आजारी किती) काढून ठेवली आणि स्पेसिफिसिटी म्हणून निगेटिव्ह (निगेटिव्हांतले खरे निरोगी किती). या खड्ड्यात मी पडले, माझ्या शेजारच्या बाकावरची पडली, आणि परीक्षक काही तक्ता तुमच्या सोयीने द्यायला बांधील नाहीत.

तेव्हा ए-बी-सी-डी विसरा. खरंच विसरा. प्रत्येक खान्यात पेन्सिलीने माणसं लिहा: आजारी आणि सापडले, आजारी पण सुटले, निरोगी पण उगाच पॉझिटिव्ह, निरोगी आणि निगेटिव्ह. मग स्वतःला विचारा, आपण कोणाबद्दल बोलतोय? सेन्सिटिव्हिटी आजारी माणसांबद्दल बोलते, म्हणून छेदात फक्त आजारी, 250. पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन समोर बसलेल्या बाईला खरंच मधुमेह आहे का, असं विचारायचं असेल तर छेदात सगळे पॉझिटिव्ह, 375. मग तक्ता उभा येऊ दे की आडवा.

खरी गोम तर पुढेच आहे. हीच तपासणी कॉलेजातल्या 1000 मुलांवर करा. समजा त्यांच्यात मधुमेही 40. नव्वद टक्क्यांच्या हिशेबाने 36 सापडले. उरलेल्या 960 मधले 20 टक्के, म्हणजे 192 जण, उगाच पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह 228, त्यांत खरे 36, जेमतेम 16 टक्के. शिबिरातल्या दहा पॉझिटिव्हांमधले सहा खरे होते, इथे सहांमधला एकसुद्धा धड नाही. ग्लुकोमीटर तोच, स्ट्रिप त्याच, टोचणारा हातही तोच. माणसं तेवढी बदलली. कोणी 'ही टेस्ट 90 टक्के अचूक आहे' असं ठोकून दिलं की मला अजून जीभ आवरावी लागते.

गोव्यात या छेदाने बाहेरही कमी घोळ घातलेला नाही. 2021 च्या मे महिन्यात कोविडचा पॉझिटिव्हिटी रेट 50 टक्क्यांच्या आसपास गेला, तेव्हा चांगली शिकलेली माणसं 'अर्ध्या गोव्याला झालाय' म्हणत होती. छेदात होते ते तपासणी करून घेणारे, म्हणजे मुख्यतः ताप-खोकला असलेले नाहीतर घरात रुग्ण असलेले. अख्खा गोवा नव्हे. त्या आकड्यातून कळण्यासारखी मोठी गोष्ट ही होती की तपासण्या कमी पडताहेत. मधुमेहाचंही तसंच. आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या मधुमेह पाहणीचे जे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले, त्यांत गोव्याचं प्रमाण 26.4 टक्के, देशात सर्वांत जास्त. यावरून 'चारातला एक गोंयकार मधुमेही' म्हणायचा मोह होतो. छेदात 20 वर्षांच्या पुढचे लोक आहेत, बालवाडीतली पोरं नाहीत. व्हायवात हा आकडा फेकायचाच असेल तर वयासकट फेका. आणि एमएमआर (मातामृत्यूंचं प्रमाण) विचारला तर छेद जिवंत जन्मांचा, एक लाखाचा, हे आधी सांगा. गर्भवतींचा म्हणालात की पुढचा प्रश्न तुमच्याच मानगुटीवर.

आता केस-कंट्रोल, म्हणजे आजारी (केस) आणि तो आजार नसलेले (कंट्रोल) घेऊन त्यांच्या जुन्या सवयी ताडून पाहणारा अभ्यास. डॉल आणि हिल यांनी 1950 साली लंडनच्या रुग्णालयांतून जो तक्ता छापला तो वहीत एकदा स्वतःच्या हाताने काढाच. फुफ्फुसाचा कॅन्सर झालेले 649 पुरुष, त्यांत धूम्रपान करणारे 647, न करणारे 2. दुसऱ्या आजारांसाठी दाखल झालेले 649 पुरुष, त्यांत करणारे 622, न करणारे 27. आता कोणीही उत्साहाने आडवी बेरीज मारतो: धूम्रपान करणारे एकूण 1269, त्यांतले कॅन्सरवाले 647, म्हणजे ओढणाऱ्यांतल्या 51 टक्क्यांना कॅन्सर! असं असतं तर पणजीच्या मार्केटात उभं राहून मोजता आलं असतं. कंट्रोल किती घ्यायचे हे त्यांनी ठरवलं होतं. दुप्पट घेतले असते आणि बाकी प्रमाण तेच राहिलं असतं, तर तोच आकडा 34 टक्क्यांवर आला असता. जो छेद आपणच बनवला, त्यावरून धोका कसा काढणार? म्हणून ऑड्स रेशो, म्हणजे तक्त्यातल्या तिरप्या गुणाकारांचं गुणोत्तर. 647 गुणिले 27, भागिले 2 गुणिले 622, साधारण 14. कंट्रोल दुप्पट करून पाहा, 14 च येतं. केस-कंट्रोलला रिलेटिव्ह रिस्क (ओढणाऱ्यांचा धोका न ओढणाऱ्यांच्या किती पट) का काढत नाहीत, हे मला पाठ असूनही समजलेलं नव्हतं. हे गणित दोनदा केलं आणि डोक्यात उजेड पडला.

फील्डवर गेलात की छेद आणखी छळतो, आणि आपल्याकडे जरा जास्तच. कागदावर लिहिलेलं असतं, दर पाचवं घर घ्यावं. प्रत्यक्षात पाचव्या घराला कुलूप. माणसं मुंबईला, पोर्तुगालला, नाहीतर लंडनला; वर्षातून एकदा फेस्ताला नाहीतर चवथीला उघडणारं घर. सीनियर म्हणतो, शेजारचं घे गो, कोण बघतंय. शेजारी उघडं दार मिळतं ते म्हाताऱ्या आजीचं. सकाळी अकराला गावात सापडणार कोण? आजी, आजोबा आणि लहान पोरं. नोकरीवाला पणजीला किंवा वेर्ण्याच्या कंपनीत, तारवटी जहाजावर. मग ब्लड प्रेशरचं प्रमाण अवाच्या सवा येतं आणि आपण चर्चेच्या प्रकरणात खारं मासळीचं जेवण आणि ताणतणाव यांवर दोन पानं लिहितो. शेजारचं घर घेऊ नका. कुलूप दिसलं तर 'बंद' असं लिहा, संध्याकाळी किंवा रविवारी परत जा, तरीही बंदच असेल तर किती घरं बंद निघाली हे अहवालात छापा. याने मार्क जात नाहीत, समजदार परीक्षक उलट खूश होतो.

शॉर्टकटबद्दल माझी मतं जरा कडक आहेत. 'दोन तासांत संपूर्ण बायोस्टॅट' छापाचे व्हिडिओ पाहायला हरकत नाही, पण पॉज करून गणित स्वतः सोडवलं नाहीत तर ते दोन तास फुकट. स्पिन-स्नाउट (स्पेसिफिक टेस्ट पॉझिटिव्ह आली तर आजार धरा, सेन्सिटिव्ह टेस्ट निगेटिव्ह आली तर सोडा) वगैरे क्लृप्त्या समजल्यानंतर वापरायच्या. समज नसताना वापरल्या की ऐन वेळी कुठला स्पिन आणि कुठला स्नाउट हेच आठवत नाही. सीनियरच्या नोट्स घ्या, पण त्यातली एखादी चूक बॅचमागून बॅच तशीच उतरवली जाते हे ध्यानात ठेवा. आणि गाइड निवडायची मुभा मिळालीच, तर पहिल्या भेटीत 'पी व्हॅल्यू किती आली' विचारणाऱ्यापासून चार हात लांब. 'तुझे कंट्रोल कुठून आणलेस' असं विचारणारा भेटला तर सोडू नका, मग तो कितीही खडूस असो.

पी व्हॅल्यूचं आलंच आहे तर सांगून टाकते. पी ज्याच्या खाली आली की निकाल 'सिग्निफिकंट' म्हणतात, तो 0.05 हा आकडा आकाशातून पडलेला नाही. रोनाल्ड फिशर यांनी 1925 च्या पुस्तकात ती सोयीची मर्यादा म्हणून धरली आणि पुढे सगळ्यांनी ती दगडावरची रेघ केली. पी 0.03 आली म्हणजे 'आपलं औषध खरंच चालतं याची शक्यता 97 टक्के' असं बऱ्याच थिसिसांत लिहिलेलं सापडेल. साफ चूक. पी व्हॅल्यू फरक नाहीच असं धरून चालते, आणि तसं असताना एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसायची शक्यता किती ते सांगते. वरचा शिबिराचा तक्ता आठवा: निरोग्यांमधले किती उगाच पॉझिटिव्ह आले, हा एक प्रश्न, पॉझिटिव्हांमधले किती खरे, हा दुसरा. पी पहिल्या जातीची आहे. लोक तिला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून खपवतात.

एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन) आणि एसई (स्टँडर्ड एरर) यांवर फार वेळ घालवू नका. एसडी रुग्ण एकमेकांपासून किती पसरलेत ते सांगते. एसई आपली सरासरी कितपत भरवशाची ते सांगते, आणि ती एसडीला नमुन्याच्या वर्गमुळाने भागून येते. 100 रुग्ण, एसडी 12, तर एसई 1.2. पेपरात 'अधिक-वजा' दिसलं की यातलं कुठलं ते आधी शोधा, कारण 1.2 दिसायला सुबक असतं. एक्सेलमध्ये एसडी काढताना नमुन्यासाठी 'एस'वालं फंक्शन, 'पी'वालं नको. 'एस'च्या छेदात एकूण संख्येतून एक वजा केलेला असतो.

आणि हा विषय आपला नव्हे, असं मनात आलं तर दोन माणसं आठवा. दोन सरासऱ्यांमधला फरक तपासणारी टी-टेस्ट 1908 साली गिनेसच्या बिअर कारखान्यातल्या गॉसेटने 'स्टुडंट' या टोपणनावाने छापली; गोव्यातल्या पोरांना ती एवढी परकी वाटायचं कारण नाही. दुसरे दामोदर कोसंबी, 1907 साली आपल्याच कोसबेंत जन्मलेले. इतिहासकार म्हणून लोक त्यांना ओळखतात, पण 1944 साली त्यांनी दिलेलं मॅप फंक्शन (गुणसूत्रावर जनुकं एकमेकांपासून किती लांब ते काढायचं सूत्र) जेनेटिक्समध्ये अजून वापरात आहे, आणि जुनी चांदीची नाणी तोलून, त्यांच्या झिजेवर संख्याशास्त्र चालवून त्यांनी इतिहास काढला. मला वहीवर बसायचा कंटाळा आला की हे नाण्यांचं प्रकरण कामी येई.

सॉफ्टवेअरची घाई नको. फुकट मिळणारं एखादं साधं सॉफ्टवेअर सुरुवातीला पुष्कळ. आधी कॅल्क्युलेटरवर दोन बाय दोनचे, म्हणजे चार खान्यांचे, थोडे तक्ते सोडवा, उभे तसे आडवेही. आणि प्रोजेक्ट हाती घेतलात तर डेटा गोळा व्हायच्या आधी, प्रश्नावली छापायच्याही आधी, स्टॅटिस्टिशियनकडे जा. जाताना निकालाचे तक्ते काढून न्या. खाने रिकामे चालतील, पण प्रत्येक टक्केवारीखाली 'यांपैकी' म्हणून कोणाला धरणार ते लिहिलेलं हवं. ते नसेल तर तुम्हाला तसंच परत पाठवतील, आणि त्यांचं बरोबर असेल.