उन्हाळ्यात हॉरर वाचा, पाऊस लागला की बघा

दर एप्रिलमध्ये कोणी ना कोणी विचारतंच, भाऊ एखादा जबरी हॉरर सांग ना, मग जो तो नावं फेकतो आणि बघायचा कसा हे कोणीच सांगत नाही. आता नागपुरात एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत घरोघरी कुलर, तो हायवर असताना सिनेमातल्या माडीवर कोणी पाय घासत चाललं तर ऐकू काय येणार, कप्पाळ? बरं कुलर बंद करावा तर रात्री बारालाही भिंती तापलेल्या, भुताआधी आपणच जायचो. हॉररचं अर्धं काम आवाज करतो, आणि आवाजापेक्षाही मधली शांतता. म्हणून माझा साधा हिशोब आहे, उन्हाळ्यात वाचायचं आणि पडद्यावरचं सगळं जूननंतर.

वाचायला सुरुवात मराठी भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांपासून करा, त्यात वाद नाही. पण लोक नवीन माणसाच्या हातात आधी 'समर्थ'वाल्या कथा देतात (समर्थ म्हणजे भुताखेतांशी लढणारा त्यांचा नायक) ते मला पटत नाही, समर्थ आले म्हणजे सगळं निस्तरणार हे माहीतच असतं, मग घाबरायचं काहून? त्यापेक्षा 'लुचाई' घ्या. ती स्टीफन किंगच्या १९७५च्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली आहे हे खरं, तरी वाचताना परकी अजिबात वाटत नाही. भूतबीत नकोच म्हणणाऱ्यांसाठी रत्नाकर मतकरींच्या गूढकथा, 'खेकडा' हा संग्रह. मतकरी शेजारच्या फ्लॅटमधल्यासारखी साधी माणसं घेतात आणि त्यांच्याच डोक्यात काहीतरी सरकवतात, ते जास्त वाईट. नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुनी पुस्तकं चाळताना दोघांपैकी कोणाचं काही दिसलं तर भाव करत बसू नका, उचला.

आणि रात्री वाचायची गरज नाही. मे महिन्यातली दुपारची अडीचची वेळ पकडा. रस्त्यावर चिटपाखरू नाही, पडदे ओढलेले, कुलरच्या ताट्यांचा ओला वास, घरचे सगळे झोपलेले, त्यात कोणी दार वाजवलं तर उघडायची हिंमत होत नाही. असली दुपार पुण्या-मुंबईवाल्यांना मिळत नाही.

आता बघायचं. पाऊस लागला, कुलर बंद झाला, की पहिले टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. पिक्चर मोड 'व्हिव्हिड' असेल तर काढा, त्यात काळोख राखाडी दिसतो आणि कोपऱ्यात उभं असलेलं जे तुम्हाला उशिरा दिसायला पाहिजे ते आधीच दिसून जातं. 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' मोड ठेवा. साउंडमध्ये नाइट मोड किंवा ऑटो व्हॉल्यूम असं काही सुरू असेल तर तेही बंद, कारण तो हळू आवाज वर आणतो आणि मोठा खाली दाबतो, म्हणजे दिग्दर्शकाने मेहनतीने केलेली शांतता गेली आणि दचकाही गेला. घरात लहान मुलं झोपली असतील तर सरळ हेडफोन लावा. टीव्हीच्या समोरच्या खिडकीला जाड चादर. खायला चिवडा ठेवू नका, एक जण कुरुमकुरुम करत बसला की सगळ्यांचं वाटोळं, संत्रा बर्फी चालते, तिचा आवाज होत नाही.

पहिला 'तुंबाड', २०१८चा. पाऊस बाहेर पण आणि आत पण, शूटिंग खऱ्या पावसाळ्यांमध्ये झालंय आणि ते दिसतं. आपल्यासाठी गंमत म्हणजे दिग्दर्शक राही अनिल बर्वेंना यामागची धारपांची कथा मित्राने ऐकवली ती १९९३ मध्ये, आपल्या विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात! तेव्हा थेटरात फार चालला नाही, सप्टेंबर २०२४ ला परत लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावला. मराठीत 'लपाछपी', २०१७, पूजा सावंत. याच दिग्दर्शकाने, विशाल फुरियाने, हिंदीत 'छोरी' केला पण आधी मराठी बघा. सगळं उसात घडतं, आणि आपल्याकडे कापसाच्या वावरात माणूस दुरून दिसतो, उसात दोन हातांवरचा दिसत नाही, हे एकदा लक्षात घेऊन बघा म्हणजे मजा येते. मल्याळम 'भ्रमयुगम' (२०२४) पूर्ण ब्लॅक अँड व्हाइट आहे, मामुट्टी आहे, सबटायटल वाचायचा कंटाळा असलेल्यांना त्या दिवशी बोलवू नका. ज्यांना फक्त हसत हसत किंचाळायचंय त्यांना 'मुंज्या' लावून द्या, विषय संपला.

कॉमिक्समध्ये मराठीत हाताला फार काही लागत नाही. हिंदीत राज कॉमिक्सची थ्रिल हॉरर सस्पेन्सवाली जुनी सिरीज आहे, नॉस्टॅल्जिया म्हणून ठीक. खरं घाबरायचं तर जपानी चित्रकार जुंजी इटोचं 'उझुमाकी', एका गावाला गोल-गोल वळणांचं वेड लागतं एवढीच गोष्ट. जपानी कॉमिक्स उजवीकडून डावीकडे वाचायचं. आणि मोबाइलवर स्क्रोल करत वाचू नका प्लीज, छापील प्रत घ्या, कारण इटो भयानक चित्र मुद्दाम पान उलटल्यावर येईल असं ठेवतो, स्क्रोलमध्ये ते आधीच खालून डोकावतं. २०२४ मध्ये 'उझुमाकी'ची चार एपिसोडची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, आली, पहिला एपिसोड कमाल, पुढे चित्रांचा दर्जा घसरला, म्हणून पुस्तकच.

नवीन काय येऊन राहिलं हे कळायला 'टॉप टेन डरावनी' टाइपच्या रील्स बघू नका, त्यात तीच तीच नावं फिरत असतात. हिरो नाही, दिग्दर्शकाचं नाव पकडा. 'भ्रमयुगम'वाला राहुल सदाशिवन, याचाच २०२२चा 'भूतकालम' आहे, आई-मुलगा आणि एक भाड्याचं घर, बस एवढंच, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये 'डीएस ईरे' आला. एक नाव नीट धरलं तर वर्षभराची लिस्ट तयार होते. फक्त ट्रेलर बघू नका बे, चांगले दोन-तीन दचके त्यातच वाटून टाकलेले असतात.