अंगात दमच नाही म्हणून टॉनिक आणायच्या आधी हे बघा

मी सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. विडी वळणाऱ्या मावश्या, टॉवेल कारखान्यातली माणसं, रिटायर झालेले काका, सगळे येतात आणि हात पुढे करता करता एकच सांगतात, "ताई, अंगात दमच राहिना गेलाय." ताप नाही, खोकला नाही, पण रात्रभर झोपून उठलं तरी शिणल्यासारखं वाटतंय, जिना चढला की बसावंसं वाटतंय. आणि लॅबला यायच्या आधीच मेडिकलमधून एक टॉनिक, शेजारणीने सांगितलेली झिंकची गोळी, मोबाईलवर बघून मॅग्नेशियम असं सगळं चालू करून झालेलं असतं. म्हणून हे लिहितेय. लोह, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, यातलं काहीही कमी पडलं तरी थकवा येतो आणि सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम वाढलं तरी येतो, आणि नुसत्या थकव्यावरून कुठलं बिघडलंय हे कुणालाच सांगता येत नाही. मी डॉक्टर नाही, औषध चालू-बंद करायचं ते डॉक्टरांना विचारूनच, पण तिथे काय घेऊन जायचं आणि काय विचारायचं ते सांगते.

पहिलं काम घरीच करायचं. जेवढ्या गोळ्या चालू आहेत त्या सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घाला, आयुर्वेदिक आणि पावडरी पण. बीपीच्या काही गोळ्यांत लघवी जास्त करणारं औषध असतं, क्लोरथॅलिडोन नाहीतर हायड्रोक्लोरोथायझाइड, स्ट्रिपवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, त्याने सोडियम आणि पोटॅशियम उतरू शकतं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांनी उलट पोटॅशियम वाढू शकतं. ॲसिडिटीची पँटोप्रॅझोल-ओमेप्रॅझोल वर्षानुवर्षं रोज सकाळी घेतली तर मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, अमेरिकेच्या औषध खात्याने 2011 मध्येच तशी सूचना काढलीय, पण आपल्याकडे ती गोळी लोक पाचक खाल्ल्यासारखी खातात. शुगरच्या मेटफॉर्मिनने बी-12 व्हिटॅमिन उतरू शकतं, ते खनिज नाही पण थकवा अगदी तसाच येतो. याच्यातलं काही सापडलं म्हणून स्वतःहून गोळी बंद करू नका हो, पिशवी फक्त डॉक्टरांपुढे ठेवा.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला जातो तेव्हा म्हाताऱ्या माणसांकडे तर खास लक्ष द्या. बीपीमुळे मीठ कमी केलेलं, जेवण कमी झालेलं, घाम चालू, वर ती लघवीची गोळी आणि घरचे म्हणतात पाणी पी पाणी पी, मग नुसतं पाणी पोटात जाऊन सोडियम आणखी खाली येतं. नॉर्मल 135 ते 145 असतं. आजी नुसत्या थकल्यात असं वाटतं पण बोलण्यात गोंधळ, चालताना झोक जाणं, मळमळ असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, उद्यावर ढकलू नका. उन्हात राबणाऱ्या धडधाकट माणसाने घाम-जुलाबानंतर ओआरएस घ्यावं, मोठं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात, छोटं असेल तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासात असला अंदाज नको. किडनीचा त्रास असेल तर नारळपाणी, ओआरएस सगळंच विचारून, कारण पोटॅशियम वाढलं तर थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं. पोटॅशियमचं सिरप कुणाच्या सांगण्यावरून कधीच घ्यायचं नाही.

आता टेस्ट. डॉक्टरांना विचारून साधारण एवढ्या करतात: सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), फेरिटिन (लोहाचा साठा), सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनीसाठी), कॅल्शियम, टीएसएच (थायरॉइडसाठी), शुगर, व्हिटॅमिन बी-12 आणि डी. मॅग्नेशियम सगळ्यांना लागत नाही, वरच्यासारखी गोळी चालू असेल, जुलाब जुने असतील किंवा दारू असेल तर करतात. काही घरांत आयोडीनवाल्या मिठाऐवजी नुसतं सैंधव वापरायचं फॅड आलंय, त्यांनी टीएसएच चुकवू नका, आयोडीन कमी पडलं की थायरॉइड सुस्तावू शकतं.

रक्त देताना काही गोष्टी पाळा, कारण रिपोर्ट चुकला की पुढचं सगळंच चुकतं. शीर दिसावी म्हणून लोक मूठ सारखी उघडझाप करतात, तसं केलं की पोटॅशियम खोटं वाढून येतं. नमुना तासन् तास पडून राहिला किंवा नळीत रक्ताच्या पेशी फुटल्या तरी तसंच होतं, म्हणून पोटॅशियम अचानक जास्त आलं तर लॅबला परत नमुना घ्या म्हणा, हे मागणं तुमचा हक्क आहे. पण डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचंच. लोहाच्या टेस्टला सकाळी या आणि त्या दिवशीची लोहाची गोळी रक्त दिल्यावर घ्या. तापातून उठल्या उठल्या फेरिटिन करू नका, शरीरात कुठेही सूज-इन्फेक्शन असलं की ते वर चढलेलं दिसतं आणि खरी कमतरता झाकली जाते.

फेरिटिनवर जरा थांबते, कारण बायकांचं खरं दुखणं मला इथेच दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 2019-21 च्या, देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालंय. हिमोग्लोबिन बाईचं 12 च्या खाली आणि पुरुषाचं 13 च्या खाली असेल तर ॲनिमिया. पण हिमोग्लोबिन 12.3 आहे, डॉक्टर म्हणाले नॉर्मल, आणि बाई तरी गळून गेलीय, असं होतं. कारण शरीर आधी साठवलेलं लोह संपवतं आणि मग हिमोग्लोबिन पडतं, ती साठवण म्हणजे फेरिटिन. 15 च्या खाली म्हणजे साठा संपलाच, आणि बरेच डॉक्टर 30 च्या खालीच उपचार सुरू करतात. फ्रान्समध्ये 2012 साली एक अभ्यास आला, हिमोग्लोबिन नॉर्मल पण फेरिटिन 50 च्या खाली असलेल्या थकलेल्या बायकांना 12 आठवडे लोह दिलं तर औषध नसलेली नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्यांचा थकवा जास्त उतरला. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बाईला आळशी म्हणू नका. मात्र पुरुषाचं किंवा पाळी थांबलेल्या बाईचं लोह कमी आलं तर नुसत्या गोळ्या घेऊन बसायचं नाही, मूळव्याध, अल्सर, आतड्यातून कुठे रक्त जातंय का ते शोधायलाच लागतं.

खाण्याचं बघा. आपली ज्वारी चांगलीच आहे, भाकरी आणि शेंगाची चटणी दोन्हीत मॅग्नेशियम भरपूर, पण धान्यातलं लोह फायटेटमुळे, म्हणजे धान्यातच असलेल्या लोह धरून ठेवणाऱ्या घटकामुळे, नीट शोषलं जात नाही आणि त्यावर चहा प्यायला की आणखी कमी. विडी वळायला बसलेल्या मावशीचं दिवसभराचं खाणं विचारा, सकाळी चहा, दहाला भाकरी-चटणी आणि लगेच चहा, दुपारी भूक मारायला परत चहा. लोह पोटात जातंय पण रक्तात जाईना. चहा सोडा असं मी म्हणत नाही, जेवणाच्या आधी-नंतर तासभर लांब ठेवा. ताटात लिंबू पिळा, मटकीला मोड आणा, उन्हाळ्यात आंबील करा, मोड आणि आंबवण्याने फायटेट कमी होतं. मटण-कलेजी खाणाऱ्यांना त्यातलं लोह सहज लागतं. आणि एक मन मोडणारी गोष्ट, आपलं सोलापूरचं डाळिंब खा, जरूर खा, पण त्यात लोह फार थोडं असतं, रंग लाल म्हणून रक्त वाढत नाही. बिटाचंही तेच.

साठा एकदा रिकामा झाला की नुसत्या खाण्याने भरायला फार वेळ लागतो, गोळी लागते. सरकारी दवाखान्यात लाल गोळी फुकट मिळते. रिकाम्या पोटी लिंबूपाण्याबरोबर चांगली लागते, पोट दुखलं तर थोडं खाऊन घ्या, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळं होतं, घाबरू नका. फारच मळमळत असेल तर एक दिवसाआड चालेल का विचारा, कारण एक डोस घेतला की शरीर साधारण दिवसभर पुढचं लोह कमी घेतं, त्यामुळे एकाआड घेतली तरी काम होतं. महिन्याने हिमोग्लोबिन साधारण 1 ते 2 ने वर यायला पाहिजे. आलं नाही तर गोळी वाढवू नका, डॉक्टरांकडे परत जा, रक्त कुठे जातंय का किंवा थॅलेसिमियाचा गुण, म्हणजे आईबापाकडून आलेला रक्ताचा दोष, आहे का ते बघतील. आकडा नॉर्मल आला तरी साठा भरायला पुढे साधारण तीन महिने चालूच ठेवायची असते, इथेच लोक सोडून देतात.

झिंक महिनोन् महिने जास्त घेतलं की तांबं कमी होतं आणि त्यानेच ॲनिमिया होऊ शकतो, एवढं लक्षात ठेवा. केसांचा नमुना पाठवून सगळी खनिजं सांगतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका, 2001 मध्ये अमेरिकेत एकाच माणसाचे केस सहा लॅबना पाठवले तर उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत.

आणि कधी कधी सगळे रिपोर्ट खरंच नॉर्मल येतात. सहा महिन्यांहून जास्त थकवा, झोपून उठूनही ताजं न वाटणं, डोकं न चालणं, आणि मुख्य म्हणजे थोडं जास्त काम केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पार आडवं पडणं, असं असेल तर क्रॉनिक फटीग सिंड्रोम असू शकतो, हा खरा आजार आहे, मनाचे खेळ नाहीत. एखादं खनिज याच्या मुळाशी आहे असं सिद्ध झालेलं नाही. 1991 मध्ये लॅन्सेट मासिकात मॅग्नेशियमच्या इंजेक्शनने फायदा झाल्याचा एक छोटा अभ्यास आला होता, पण नंतरच्या लोकांना या रुग्णांमध्ये मॅग्नेशियम कमी सापडलंच नाही. अशा माणसाला रोज सकाळी पार्क मैदानाला चार फेऱ्या मार म्हणून मागे लागू नका, ब्रिटनच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांतून ठरवून वाढवत न्यायचा व्यायाम काढून टाकलाय. फिजिशियनकडे जाताना दोन आठवड्यांची वही न्या, कुठल्या दिवशी काय काम केलं, किती झोपलो, कधी पडून राहावं लागलं, चहा-जेवणाच्या वेळा, सोबत जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून आणि ती गोळ्यांची पिशवी.