सगळे कुटुंब जेवायला बोलावताना ज्येष्ठ जोडप्यांनी या चुका टाळाव्यात

सुट्टीत मुले, सुना, जावई आणि नातवंडे एकत्र जेवायला येणार म्हटले की सत्तरी ओलांडलेली माणसेसुद्धा वीस वर्षांपूर्वीच्या ताकदीच्या हिशेबाने बेत आखू लागतात. आम्ही दोघे कित्येक वर्षे असे जेवण घालत आलो आहोत, आणि आमच्या वयाच्या घरांतून त्याच त्या चुका होताना पाहून आता जीव हळहळतो.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे सकाळची धावपळ वाचावी म्हणून आदल्या रात्री पातेलेभर भात शिजवणे आणि तो झाकून ओट्यावर तसाच ठेवून देणे. एका वर्षी मीही हेच केले होते. सकाळी भाताला वास नव्हता, तो चिकटही झाला नव्हता. पातेल्याच्या मधोमध मात्र तो अजून कोमट होता. चांगला वाफवून मी तो दुपारी वाढला आणि संध्याकाळ व्हायच्या आत ह्यांना व दोन नातवंडांना उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘भात रात्रभर बाहेर होता का?’ तांदळात असणाऱ्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, भात कोमट राहिला की ते वाढीस लागतात, आणि उलट्या घडवणारे त्यांचे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. ‘सकाळी एक वाफ काढली की झाले’ हा सल्ला म्हणूनच मला अजिबात सहन होत नाही, कारण त्याची किंमत घरातली सर्वांत लहान आणि सर्वांत म्हातारी माणसे मोजतात.

त्या दिवसापासून मी भात त्याच दिवशी शिजवते. रस्सा किंवा डाळ आदल्या दिवशी करायचीच असेल, तर ती उथळ भांड्यांत 5 सेंटिमीटरपेक्षा जास्त खोल होणार नाही अशी ओतते आणि शिजल्यापासून 2 तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवते. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि मोठ्या पातेल्याचा मधला भाग या टप्प्यात तासन्‌तास रेंगाळतो. आख्खे गरम पातेले फ्रिजमध्ये ढकलणे हाही उपाय नाही, कारण त्याने शेजारचे पदार्थ गरम होतात.

दुसरी चूक बोलण्यातली आहे. ‘काही आणू नका, नुसते या,’ असे आपण मोठ्या मनाने सांगतो आणि मग सकाळी स्टुलावर चढून माळ्यावरची भांडी आपणच काढतो. 10 लिटर रश्श्याचे वजनच सुमारे 10 किलो होते, भांड्याचे वेगळे; ते उकळते असताना दोघा वृद्धांनी दोन बाजूंनी उचलू नये. आमच्याकडे भांडी आठवडाभर आधी मुलगा काढून देतो, एक पदार्थ सून घरून करून आणते, आणि भाजी चिरणे, निवडणे अशी कामे हे खुर्चीवर बसून करतात. मदत मागण्यात कमीपणा वाटत असेल, तर तो अवघडलेपणा फोनवर आधीच संपवून टाकावा.

पहिल्यांदा करायचा पदार्थ त्या दिवशी करू नये. माणसे चौपट झाली म्हणून पाणीही चौपट घालू नये, कारण मोठ्या भांड्यात त्या मानाने वाफ कमी उडते. मीठ आधी कमी घालावे आणि चव पाहून वाढवावे.

सगळे जमेपर्यंत थांबण्याचा आग्रह मात्र मला खरोखर घातक वाटतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या माणसाचे जेवण लांबले, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. अशा माणसाचे पान ठरलेल्या वेळी वाढावे, मग पाहुणे वाटेत का असेनात.

उरलेले अन्न लगेच लहान डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावे. ज्यांना घरी पोहोचायला बराच वेळ लागणार आहे, त्यांच्याबरोबर भात आणि ओले पदार्थ बांधून देऊ नयेत. त्यांच्यासाठी मी कोरडा खाऊ वेगळा काढून ठेवते.