दगड डावीकडे, कथा उजवीकडे

गिरगावात माझ्याकडे एम.ए.ची मुलं इतिहास शिकायला येतात. प्राचीन अरबस्तानचा धर्म निघाला की मी आधी वहीचं पान मधोमध दुमडायला लावते. डावीकडे दगड, म्हणजे त्या काळचे कोरीव लेख; उजवीकडे कथा, म्हणजे मागाहून लिहिलेल्या हकिकती. प्रत्येक नोंदीपुढे काळ लिहायचाच.

मूर्तिपूजेचीच कथा घ्या. अम्र इब्न लुहय्य नावाच्या मक्केच्या प्रमुखाने तिथे मूर्ती बाहेरून आणल्या, असं अरबी लेखक इब्न अल-कल्बी सांगतो. तो नवव्या शतकाच्या सुरुवातीला वारला, म्हणजे प्रेषित मुहम्मदांनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. आता डावीकडे या. वायव्य अरबस्तानातल्या हेग्रा इथे, नबातियन या प्राचीन अरब राज्याच्या काळातल्या एका थडग्यावर, दुशरा आणि मनात या देवतांसोबत हुबलचं, म्हणजे कथेतल्या मक्केच्या एका देवाचं, नाव कोरलंय, तेही इसवी सनाच्या सुरुवातीच्या सुमाराचं. यातून हुबल सिद्ध होतो, अम्र नाही. इथे मुलं हमखास घसरतात.

येमेनमध्ये तर दगड कथेला आडवाच जातो. इ.स. 380च्या सुमारास राजांच्या शिलालेखांतून जुने देव हद्दपार होतात आणि पुढे 'रहमानान' हा एकच देव दिसू लागतो. म्हणजे इस्लामपूर्व सगळा अरबस्तान मूर्तिपूजक होता, हे चित्र पुसा.

दगडही फक्त राजांचाच असतो असं समजू नका. उत्तर अरबस्तानातल्या काळ्या बसाल्ट दगडांवर साध्या पशुपालकांनीही लात या देवीचा धावा कोरून ठेवलाय.

कथा मात्र फेकू नका. बाणगंगेत रामाचा बाण शोधत कोण बसतं? कथा कोणी, कधी, कोणासाठी सांगितली, हे विचारा.

मक्केत काबागृहाच्या परिसरात शास्त्रशुद्ध उत्खनन झालेलं नाही. तिथला डावा रकाना कोराच ठेवा.